अभिलेखसंग्रहांचे ऑनलाइन वर्णन आणि मेटाडेटा मानके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदपत्रांचे संग्रह सांभाळणाऱ्या आणि त्यांची माहिती इंटरनेटवर मांडू पाहणाऱ्या वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी आणि अडचणीचे अपवाद नंतर, असा क्रम आहे. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असल्यास तेथे केवळ त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे संग्रहाची टंकलिखित यादी आहे. ती स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली तर पुरणार नाही का?

काहीच नसण्यापेक्षा ते नक्कीच बरे. मात्र अशी यादी माणसाला वाचता येते, यंत्राला तिचा अर्थ लागत नाही. ‘१९२४’ हा आकडा म्हणजे वर्ष आहे, फाइलचा क्रमांक आहे की पृष्ठसंख्या, हे वाचणारा संदर्भावरून ताडतो. यंत्राला ते सांगावेच लागते. संरचित मेटाडेटा म्हणजे प्रत्येक माहितीला तिचा ठरलेला रकाना देणे आणि त्या रकान्याचा अर्थ आधीच ठरलेला असणे. एवढे झाले की ठरावीक काळातील साहित्य गाळून काढणे, एकाच निर्मात्याचे (ज्याच्या कामकाजातून कागद तयार झाले त्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे) सर्व कागद एकत्र पाहणे आणि आपल्या नोंदी इतर संस्थांच्या नोंदींबरोबर शोधता येणे शक्य होते. जुनी यादी मात्र टाकून देऊ नये. ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केली, हीसुद्धा वर्णनाचाच भाग असलेली माहिती आहे (प्रश्न १४ पाहावा).

२. ग्रंथालयातील तालिकेची पद्धत अनेक वर्षे रुळलेली आहे. अभिलेखांना तीच का लावू नये?

पुस्तक बहुधा स्वयंपूर्ण असते. त्याला शीर्षकपृष्ठ असते, लेखक व प्रकाशक ठरलेले असतात आणि त्याच आवृत्तीच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी असल्यामुळे एकाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी चालते. अभिलेखांचे तसे नसते. एखाद्या कार्यालयात आलेले पत्र, त्यावर हाताखालच्या माणसाने लिहिलेली टिपणी, वरिष्ठाचा शेरा आणि गेलेल्या उत्तराची स्थळप्रत हे चार कागद एकत्र असतील तरच निर्णय कसा झाला हे कळते. त्यांना विषयवार वेगळे केले की चारही कागद शाबूत राहतात आणि पुरावा मात्र नाहीसा होतो.

हा विचार संगणकाच्या फार आधीचा आहे. एका संस्थेकडून आलेले कागद दुसऱ्या संस्थेच्या कागदांत मिसळू नयेत, हा नियम फ्रान्समधील १८४१ च्या सरकारी परिपत्रकात स्पष्टपणे मांडला गेला आणि १८९८ मध्ये म्युलर, फाइथ व फ्राउन या तीन डच अभिलेखपालांच्या मार्गदर्शक पुस्तकाने त्याला मूळ क्रम जपण्याच्या तत्त्वाची जोड देऊन पद्धतशीर रूप दिले. आजची सर्व अभिलेख-मानके याच पायावर उभी आहेत. म्हणूनच त्यांत ‘हा कागद कशाविषयी आहे’ या प्रश्नाच्या आधी ‘हा कोणाच्या कामकाजातून निर्माण झाला आणि कशाचा भाग आहे’ हा प्रश्न येतो.

३. आयसॅड-जी, डॅक्स, ईएडी, डब्लिन कोअर अशी अनेक नावे ऐकू येतात. यांतले नेमके कोणते निवडायचे?

गोंधळाचे मूळ असे की ही नावे एकमेकांना पर्याय असल्यासारखी उच्चारली जातात. वास्तविक त्यांची कामे वेगवेगळी आहेत.

काही मानके काय लिहावे आणि कसे लिहावे, हे सांगतात. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचे आयसॅड-जी हे त्यांतले मुख्य. त्याची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये आणि दुसरी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील डॅक्स हे त्याच जातीचे, फक्त अधिक तपशीलवार नियम देणारे. काही मानके लिहिलेले यंत्राला कळेल अशा रीतीने कसे बांधावे, हे सांगतात. ईएडी हे त्यातले. त्याची सुरुवात १९९३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रकल्पातून झाली, पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली, २००२ ची आवृत्ती जगभर पसरली आणि ईएडी-३ हे २०१५ मध्ये आले. तेव्हा ‘आयसॅड-जी की ईएडी’ असा प्रश्न संभवतच नाही. पहिल्याप्रमाणे लिहावे आणि दुसऱ्यात साठवावे.

डब्लिन कोअर हे सर्व प्रकारच्या साहित्यासाठी १५ घटकांचे लहान मानक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी भरलेल्या कार्यशाळेतून ते निघाले. देवाणघेवाणीसाठी ते उत्तम, पण अभिलेखसंग्रहाचे मूळ वर्णन केवळ त्यात ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारणे प्रश्न ११ मध्ये दिली आहेत.

४. किमान किती रकाने भरावेत?

आयसॅड-जीमध्ये २६ घटक आहेत, पण आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीसाठी त्यांतले सहाच आवश्यक मानले आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, आकारमान आणि वर्णनपातळी. बाकीचे साहित्य पाहून ठरवावे. आमच्या अनुभवात या सहांच्या जोडीला आशयाचा एक परिच्छेद आणि पाहण्यासंबंधीच्या अटी दिल्या, तर संशोधकाच्या बहुतेक शंकांची उत्तरे पत्रव्यवहाराविना मिळतात. रिकामे रकाने ‘माहिती उपलब्ध नाही’ अशा वाक्याने भरू नयेत. शोध घेताना तेच शब्द शेकडो नोंदींत सापडू लागतात.

५. वर्णनाच्या पातळ्या म्हणजे काय? एकाच संग्रहाच्या इतक्या नोंदी कशाला?

संपूर्ण संग्रह, त्यातील मालिका, मालिकेतील फाइल आणि फाइलमधील सुटा कागद अशी ही उतरंड असते. आयसॅड-जीने त्यासाठी चार नियम घातले आहेत. वर्णन व्यापकाकडून विशिष्टाकडे जावे, प्रत्येक पातळीवर त्या पातळीला लागू असलेलीच माहिती द्यावी, प्रत्येक नोंद तिच्या वरच्या नोंदीशी जोडलेली असावी आणि वर सांगितलेले खाली पुन्हा सांगू नये.

उदाहरणार्थ, एका स्थापत्य अभियंत्याचा संग्रह आहे असे समजू. त्याचे चरित्र आणि कागद संस्थेकडे कसे आले ही हकिकत संग्रहाच्या पातळीवर एकदाच येईल. ‘पुलांचे आराखडे’ ही मालिका. तिच्या नोंदीत आराखडे कोणत्या क्रमाने लावले होते, हे येईल. एखाद्या पुलाची फाइल ही तिच्या खालची पातळी, आणि तिच्यात पायाच्या खोलीविषयी वादाचे एखादे महत्त्वाचे पत्र असेल तर त्याची सुटी नोंद. त्या पत्राच्या नोंदीत अभियंत्याचे चरित्र पुन्हा लिहिण्याचे कारण नाही.

पुनरुक्ती टाळण्याचा हा नियम कागदी सूचीसाठी सोयीचा होता, कारण वाचक पहिल्या पानापासून खाली येत असे. ऑनलाइन वाचक शोधयंत्रातून थेट तळाच्या नोंदीवर उतरतो आणि त्याच्यासमोर ‘पत्रव्यवहार, १९३२’ एवढेच असते. कोणाचा, कोणाशी, कशाबद्दल, काहीच नाही. यावर उपाय म्हणून वरची माहिती प्रत्येक नोंदीत चिकटवत बसू नये. ती पुढे एके ठिकाणी दुरुस्त होते आणि बाकीच्या ठिकाणी चुकीची राहते. साठवताना माहिती एकदाच असावी आणि दाखवताना प्रणालीने वरच्या पातळ्यांची साखळी प्रत्येक पानावर उमटवावी. प्रणाली निवडताना पहिली परीक्षा हीच घ्यावी.

६. हजारो कागद तसेच पडून आहेत. प्रत्येकाची नोंद केल्याशिवाय ऑनलाइन काहीच देऊ नये का?

उलट करावे. आधी सर्व संग्रहांच्या वरच्या पातळीच्या नोंदी प्रसिद्ध कराव्यात आणि मग मागणी पाहून निवडक संग्रहांत खोल जावे. मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या अमेरिकन अभिलेखपालांनी २००५ मध्ये हाच आग्रह धरला होता. एका संग्रहावर वर्षानुवर्षे बारीक काम करताना बाकीचे संग्रह कोणाला माहीतही होत नाहीत, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच लागू आहे. एकाच संग्रहात काही मालिका फाइलपर्यंत आणि काही केवळ मालिकेपर्यंत वर्णिलेल्या असल्या तरी मानकाची त्याला हरकत नाही.

७. कागदांवर शीर्षकच नाही. आम्ही दिलेले चालेल का?

चालेल, अभिलेखांची बहुतेक शीर्षके वर्णनकारानेच दिलेली असतात. निर्मात्याचे नाव, साहित्याचा प्रकार आणि गरज असल्यास विषय, एवढ्यांतून शीर्षक बांधावे. ‘महत्त्वाची कागदपत्रे’, ‘संकीर्ण’ किंवा ‘दुर्मीळ पत्रे’ ही शीर्षके काहीच सांगत नाहीत. फाइलच्या वेष्टनावर मूळ शीर्षक असेल तर ते अक्षरशः उतरवावे आणि ते मूळचे असल्याची टीप द्यावी. हा भेद किती कामाचा आहे, हे प्रश्न १४ मध्ये दिसेल.

८. तारीख अंदाजे आहे, अर्धवट आहे किंवा दुसऱ्या कालगणनेतली आहे. ती कशी लिहावी?

तारीख दोनदा लिहावी: एकदा माणसासाठी, एकदा यंत्रासाठी. पहिल्या रकान्यात ‘सुमारे १८९०’ असे सरळ लिहिता येते. दुसऱ्या रकान्यात आयएसओ ८६०१ या मानकाचे रूप वापरावे. त्या मानकाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात अनिश्चित तारखांचीही सोय झाली आहे. वर्षानंतर नागमोडी चिन्ह दिले की अंदाजे (१८९०~), प्रश्नचिन्ह दिले की शंकास्पद (१८९०?) आणि दोन वर्षांमध्ये तिरकी रेघ दिली की कालावधी (१८८०/१८९५). ही उदाहरणे येथे देवनागरी अंकांत छापली असली तरी यंत्रासाठीच्या रकान्यात इंग्रजी अंकच टाकावे लागतात. देवनागरी अंक तेथे बहुतेक प्रणाली नाकारतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, मुकाट्याने वगळतात.

संग्रह १८६० ते १९४० असा पसरलेला असला, पण जवळपास सारे साहित्य १९२० नंतरचे असेल, तर संपूर्ण कालावधी आणि मुख्य कालावधी असे दोन्ही द्यावेत. नाहीतर एका जुन्या पावतीपायी संशोधकाची निराशा होते.

मूळ कागदावर हिजरी किंवा शक वर्ष असल्यास ते जसेच्या तसे ठेवावे आणि रूपांतर जोडीला द्यावे. वर्षांची सुरुवात एका दिवशी होत नसल्यामुळे महिना माहीत नसताना रूपांतर बहुधा दोन इसवी सनांच्या टप्प्यात येते. हिजरी १२०० म्हणजे १७८५/१७८६. त्यातले एकच वर्ष निवडणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे होय.

९. एकाच व्यक्तीचे नाव कागदांत चार प्रकारे येते. कोणते धरावे?

एक रूप अधिकृत ठरवावे, बाकीची रूपे पर्यायी म्हणून नोंदवावीत आणि हे सर्व संग्रहाच्या नोंदीत न लिहिता स्वतंत्र नामनोंदीत लिहावे. निर्मात्यांच्या अशा नोंदींसाठी आयसार या मानकाची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि त्यांना यंत्रवाचनीय रूप देणारे ईएसी-सीपीएफ हे २०१० मध्ये. लाभ असा की त्या व्यक्तीचे कागद पाच संग्रहांत असले तरी चरित्र एकदाच लिहावे लागते. शक्य तेथे व्हायफ (अनेक ग्रंथालयांच्या नामनोंदी एकत्र जोडणारी सूची) किंवा विकिडेटा (विकिपीडियाशी संलग्न खुला माहितीसाठा) यांतील ओळखक्रमांकही जोडावा. नाव दुसऱ्या लिपीत शोधणाऱ्यालाही त्यामुळे आपली नोंद सापडू शकते. नुसते नाव जुळले म्हणून क्रमांक जोडू नये. जन्मवर्ष किंवा व्यवसाय यांपैकी काहीतरी पडताळावे.

१०. साहित्य एका भाषेत आणि वर्णन दुसऱ्या भाषेत असेल तर?

दोन्हींची स्वतंत्र नोंद होते, आणि भाषा व लिपी यांचीही वेगळी. भाषेसाठी आयएसओ ६३९ आणि लिपीसाठी आयएसओ १५९२४ या संकेतसूच्या आहेत. मराठी भाषा, मोडी लिपी आणि मराठी भाषा, देवनागरी लिपी या दोन वेगळ्या नोंदी ठरतात; वाचकाला कोणती लिपी वाचता यायला हवी, हे त्यातूनच कळते. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यामुळे मूळ शीर्षक त्याच लिपीत देता येते, मात्र जोडीला देवनागरी लिप्यंतर द्यावेच.

११. ‘सगळे डब्लिन कोअरमध्ये टाका, तेच सर्वांना चालते’ असा सल्ला मिळाला. त्यात गैर काय?

चालते हे खरे. वेगवेगळ्या भांडारांतून नोंदी गोळा करणारा ओएआय-पीएमएच हा शिष्टाचार (प्रोटोकॉल) साधे डब्लिन कोअर देण्याची सक्तीच करतो. पण रूपांतर करताना काय गळते ते पाहावे. आयसॅड-जीमधील प्रशासकीय इतिहास, संग्रह कोणाकोणाच्या ताब्यात होता याचा इतिहास, आशय आणि मांडणीची पद्धत हे सारे एका ‘वर्णन’ घटकात जाऊन पडते. उतरंडीतील नाते ‘संबंध’ या घटकात एक दुवा म्हणून उरते आणि नोंदी गोळा करणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर तोही दाखवला जात नाही. समृद्ध वर्णनातून डब्लिन कोअर केव्हाही काढता येते. डब्लिन कोअरमधून मूळ वर्णन परत उभे करता येत नाही. म्हणून मूळ नोंद ईएडीसारख्या रूपात राहावी आणि डब्लिन कोअर हे तिचे निर्यातरूप असावे.

१२. आम्ही माहिती एक्सेलमध्ये भरतो. त्यात काही धोका आहे का?

एक्सेलमध्ये काम सुरू करायला हरकत नाही. अ‍ॅटम आणि आर्काइव्हज्‌स्पेस या दोन्ही प्रचलित मुक्त प्रणाली तक्त्यांतून नोंदी आयात करतात. धोके किरकोळ दिसतात, पण महागात पडतात. ‘३-४’ हा पेटी-फाइल क्रमांक एक्सेल स्वतःहून तारखेत बदलते. ‘००१२’ मधील शून्ये नाहीशी होतात. १९०० पूर्वीच्या तारखांना ते तारीख मानत नाही, त्यामुळे क्रमवारी विस्कटते. म्हणून माहिती भरण्यापूर्वीच सर्व रकाने ‘मजकूर’ या प्रकारचे करून घ्यावेत. सीएसव्ही (तक्ता साध्या मजकुराच्या रूपात ठेवणारी) फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा अक्षर-संकेतनाचा पर्याय न निवडल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि ती अक्षरे नंतर परत मिळत नाहीत.

पातळ्यांसाठी प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक आणि तिच्या वरच्या नोंदीचा क्रमांक असे दोन रकाने ठेवावेत. अ‍ॅटममध्ये वरच्या पातळीची ओळ तक्त्यात आधी यावी लागते. क्रम उलटला तर खालची नोंद अनाथ राहते.

१३. एकाच मालिकेत दोन कार्यालयांचे कागद आहेत, किंवा एका व्यक्तीचा संग्रह दोन संस्थांत विभागला आहे. निर्माता आणि उतरंड कशी दाखवावी?

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात, एखादे खाते बंद होऊन त्याचे काम दुसऱ्याकडे गेले आणि नव्या खात्याने तीच नोंदवही पुढे चालवली, असे बहुधा घडलेले असते. मालिका मधोमध तोडू नये. दोन्ही निर्माते, त्यांच्या-त्यांच्या कालावधीसह, तिला जोडावेत. पीटर स्कॉट यांनी ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये मालिकेलाच मूळ एकक मानण्याची जी पद्धत मांडली, तिचा उगम याच अडचणीत आहे.

दुसऱ्यात, प्रत्येक संस्थेने आपल्याकडील भागाचेच वर्णन करावे, आकारमानही आपल्यापुरतेच द्यावे आणि ‘संबंधित साहित्य’ या घटकात दुसऱ्या भागाचा दुवा द्यावा. निर्मात्याची नामनोंद सामायिक असली (प्रश्न ९) की ते दोन भाग वाचकापुढे एकत्र येतात.

याच वर्गातला तिसरा प्रश्न म्हणजे एखाद्या हौशी माणसाने ठिकठिकाणांहून जमवलेली पत्रे. त्या संग्रहाचा निर्माता तो जमवणारा. पत्रलेखकांची नावे खालच्या पातळ्यांवर येतात.

१४. जुन्या वर्णनांत आज अपमानास्पद वाटणारे शब्द आहेत. ते काढून टाकावेत का?

शब्द कोणाचा आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. कागदावरचे मूळ शीर्षक पुराव्याचा भाग आहे; ते बदलू नये, टीप जोडावी. वर्णनकाराने दिलेले शीर्षक किंवा आशय हे आपले शब्द आहेत आणि ते बदलण्याचा आपल्याला अधिकारच नव्हे, जबाबदारीही आहे. बदल मात्र चोरून करू नये. आयसॅड-जीच्या शेवटच्या भागात वर्णन कोणी केले, कोणत्या नियमांनी केले आणि केव्हा बदलले, यांसाठी जागा ठेवली आहे. जुने वाक्य, बदलाची तारीख आणि कारण तेथे नोंदवावे. जुन्या वर्णनाचाच आधार देऊन लिहिलेले संशोधन त्यामुळे पडताळता येते.

१५. कागद पाहण्यावर निर्बंध असतील तर त्यांचे वर्णनही लपवावे का?

सहसा नाही. साहित्य बंद आहे, केव्हा खुले होईल आणि कोणत्या कारणाने बंद आहे, हे कळणे वाचकाचा हक्क आहे. अपवाद असा की काही वेळा शीर्षकच गुपित फोडते. रुग्णाच्या नावाने असलेल्या वैद्यकीय फाइलचे नाव छापणे म्हणजे तो माणूस आजारी होता हे जाहीर करणे. अशा वेळी फाइलची नोंद अंतर्गत ठेवून मालिकेची नोंद तेवढी प्रसिद्ध करावी.

पाहण्याची परवानगी आणि वापरण्याची परवानगी यांचे रकाने वेगळे आहेत, हे अनेकदा विसरले जाते. वापराच्या हक्कांसाठी २०१६ पासून राइट्सस्टेटमेंट्स या उपक्रमाची १२ प्रमाण विधाने उपलब्ध आहेत. आपल्या शब्दांत लांबलचक ताकीद लिहिण्यापेक्षा त्यांतले लागू पडणारे विधान जोडावे.

१६. स्कॅन केलेल्या प्रतीचे वर्णन वेगळे करावे का?

नाही. नोंद मूळ कागदाची, आणि तिला प्रतिमेचा दुवा. स्कॅनची तारीख हा कागदाच्या निर्मितीचा काळ नव्हे. हा घोटाळा ऑनलाइन नोंदींत सर्रास दिसतो. फाइलचा प्रकार, तिची पडताळणी-बेरीज (फाइल बदललेली नाही हे तपासण्याचा आकडा, चेकसम) आणि तिच्यावर झालेल्या प्रक्रिया ही माहिती प्रेमिससारख्या जतन-मानकात जाते. मुळातच डिजिटल असलेल्या साहित्याचे आकारमान फाइलींची संख्या आणि बाइट्स यांत द्यावे.

१७. ‘रेकॉर्ड्स इन कॉन्टेक्स्ट्स’ हे नवे मानक आले आहे. मग आता ईएडीत काम सुरू करण्यात अर्थ आहे का?

आहे. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने २०२३ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. एकाच उतरंडीऐवजी अभिलेख, व्यक्ती, कार्ये आणि स्थळे यांच्यातील नात्यांचे जाळे ते मांडते, त्यामुळे प्रश्न १३ मधील अडचणी त्यात फार सहज बसतात. परंतु रोजच्या वापरातील प्रणाली अजून मुख्यतः जुन्याच मानकांवर चालतात आणि ईएडी फाइलींचे नव्या रूपात रूपांतर करणारे मुक्त साधन फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने उपलब्ध करून दिले आहे. ज्यांच्या नोंदींत निर्माते, तारखा आणि पातळ्या आपापल्या रकान्यांत आहेत, त्यांचे स्थलांतर फारसे अवघड नाही. ज्यांची नावे आणि वर्षे आशयाच्या परिच्छेदांत विखुरलेली आहेत, त्यांना ती आधी एकेक करून बाहेर काढावी लागतील, मग मानक कोणतेही असो.